कातरलेलं वचन

तुमच्या घरातलं शास्त्र तुम्ही शेवटचं पानभर सलग कधी वाचलंत? एखादी ओळ मी विचारत नाही. कॅलेंडरवरची, रिक्षाच्या काचेवर रंगवलेली, सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या फुलासकट येणारी, ती तर तुम्हाला पाठच असेल. पानभर म्हणते आहे मी. वरपासून खालपर्यंत, मधलं काही न गाळता.

हा प्रश्न मी रागानं विचारते आहे. माझ्या आईच्या उजव्या पायाला आता तीन बोटं आहेत, आणि उरलेली दोन एका ओळीपायी गेली. ती ओळ शास्त्रातली होती. तरीही शास्त्राचा मला आजही भरवसा वाटतो. हे दोन्ही एकत्र कसं खरं असू शकतं, ते सांगायला बसले आहे.

मी पत्रकांवर वाढले. जिंतूरला बसस्टँडजवळ माझ्या वडलांचं शिलाईचं दुकान आहे. मशीनच्या खणात दोऱ्याची रिळं, बटणं, खडू आणि त्यांच्या खाली ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्या पत्रकांचा गठ्ठा. शिवलेली पँट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळताना बाबा मध्ये एक पत्रक सरकवायचे. वर मोठ्या अक्षरात एक प्रश्न, मध्ये दाटीवाटीनं मजकूर, शेवटी हात जोडून विनंती. गिऱ्हाइकं चेष्टा करायची.

“मास्तर, पँट ढिली झाली तर देव आवळून देतो का?”

“देव न्हाई, मीच देतो. उद्या आणा,” बाबा म्हणायचे.

अक्षरं मी त्या पत्रकांवरच गिरवली. माणसाला सरळ प्रश्न विचारावा, उत्तरापर्यंत त्याचा पिच्छा सोडू नये, आणि शेवटी त्याला काहीतरी करायला सांगावं, ही सवय मला तिथून लागली. बाबांचं मूळ घर वालूरचं, शेतकऱ्याचं. माझ्या जन्माआधी ते ख्रिस्ताच्या मागं गेले. धाकट्या काकांनी शेत सांभाळलं आणि भावाशी बोलणं कधी तोडलं नाही. टोमणे मात्र आठवणीनं मारले.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, लहान. परभणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याचा हॉल आहे, तिथं रविवारी उपासना होते. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी तिथं एक पेटी फिरते. आम्ही तिला वचनपेटी म्हणतो. आत जाड, चकचकीत कागदाच्या चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, एक ओळ. डोळे मिटून हात घालायचा आणि जी येईल ती तुमची, वर्षभरासाठी. लोक ती देवघरासारखी जपतात. पाकिटात, आरशाच्या कोपऱ्यात, मोबाइलच्या कव्हरमध्ये. कुणी दुकान काढायचं ठरवतं चिठ्ठी बघून, कुणी मुलीचं लग्न.

या चिठ्ठ्यांचे ताव पास्टर छापून आणतात आणि कापायला बाबांकडे देतात. बाबा त्यांच्या दातेरी कात्रीनं कापायचे, कापडाचे नमुने कापतात तसे. म्हणून आमच्या मंडळीतल्या देवाच्या वचनांना ब्लाऊजपीसच्या नमुन्यासारखी कड असते.

त्या पेटीतून कधी कुणाला वाईट चिठ्ठी आलेली मी पाहिली नाही. शास्त्रात रडणं आहे, भांडणं आहेत, देवाला तोंडावर विचारलेले जाब आहेत. शेताला शेत जोडत गरिबाला हुसकावणाऱ्यांवर संदेष्ट्यानं ओढलेले कोरडे आहेत. आमच्या मंडळीत रस्त्याकडेचे प्लॉट विकणारे दोघे जण आहेत, त्यांच्या हाताला ती ओळ एकदाही लागली नाही. त्यांना दरसाल भरभराट. कारण पेटीत तेवढंच असतं. कुणीतरी आधी शास्त्रातलं तिखट, कडू, आंबट काढून टाकलेलं असतं आणि साखर तेवढी आपल्या तळहातावर ठेवलेली असते.

साखरेवरून आईचं आठवलं. तिला बरीच वर्षं शुगर आहे. नाताळाच्या आधी ती वालूरला काकांकडे कापूस वेचायला गेली होती. तिथं पऱ्हाटीचा तुटका खुंट चप्पल फोडून तिच्या अंगठ्याशेजारी घुसला. जिंतूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज पट्टी बदला, पाय भिजवू नका, अनवाणी चालू नका, महिनाभर जपलंत तर भरून येईल. ती जपत होती. रोज दुपारी रिक्षानं जायची, पट्टी करून यायची.

मग तो रविवार आला. मी परभणीला शिकते, वसतिगृहात राहते. सुट्टी होती म्हणून मीही हॉलमध्ये होते. पेटी आईपाशी आली, तिनं चिठ्ठी काढली. चष्मा घरी राहिला होता. पास्टरांनी ती तिच्या हातातून घेतली आणि माईकवर वाचली. देव आपल्या दूतांना आज्ञा करील, ते तुला तळहातांवर झेलतील, तुझ्या पायाला दगडाची ठेचसुद्धा लागणार नाही, अशा अर्थाची ती ओळ होती.

सगळ्या हॉलनं आईच्या पांढऱ्या पट्टीकडे पाहिलं.

“पाय!” पास्टर ओरडले. “बहिणीच्या पायाला दुखापत आहे, आणि प्रभूनं पायाचंच वचन दिलं! कुणी सांगितलं होतं पेटीला?”

आमेनचा गजर झाला. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आई रडत होती. तिनं चिठ्ठी ब्लाऊजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून पट्टीला जाणं बंद केलं.

हे मला फोनवर कुणी सांगितलं नाही. सुट्टी संपवून मी परभणीला परतले होते; त्यानंतरच्या एका शनिवारी एसटीनं घरी आले तेव्हा कळलं, आणि आधी नाकाला कळलं. घरात वास होता. आई भाकरी थापत होती, अनवाणी, गोळ्यांचं पाकीट फडताळात जसंच्या तसं.

“आई, पट्टी कुठं हाय?”

“सोडली.”

“कामून?”

“कामून म्हंजी? वचन मिळालंय मला. तू व्हतीस की तिथं.”

“अगं पण डॉक्टरनी काय सांगितलं व्हतं?”

“डॉक्टर गोळ्या देणार. पाय देवानं दिलाय.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “अन् दुखतच न्हाई आता. आजिबात न्हाई. काल सुई पडलेली, पायात घुसली, तर कळलं बी न्हाई मला. उद्या साक्ष द्यायलेय मी मंडळीत. पास्टरनं सांगितलंय.”

शुगरच्या माणसाच्या पायाला जाणीव राहत नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, मलाही सांगितलं होतं. दुखत नाही हीच भीतीची गोष्ट होती, आणि आमच्या मंडळीत तिचा चमत्कार झाला होता.

मी तिचा पाय धरून पाहिला. दोन बोटं काळपट पडली होती. मी बाबांना हाक मारली. ते दारात उभे राहिले, गळ्यात मेजरटेप तशीच.

“जबरदस्ती करू नको,” ते म्हणाले. “इश्वास हाय तिचा.”

“कशावर, बाबा? तुमी कापलेल्या कागदावर?”

ते मेजरटेप बोटांना गुंडाळत राहिले. मला त्यांचा तेव्हा फार राग आला होता. या माणसानं मला प्रश्न विचारायला शिकवलं आणि आपल्याच घरात तोंडाला कुलूप लावलं होतं.

मी शास्त्र काढलं. चिठ्ठीवर ओळीचा पत्ता होता, त्यावरून स्तोत्र काढलं. वाचलं, सबंध. सुंदर स्तोत्र आहे, संकटात देवाच्या आडोशाला गेलेल्या माणसाचं. पण मला त्या ओळीखालचा बारीक आकडा दिसला, आणि पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, दुसऱ्या एका जागेचा उल्लेख. ही ओळ शास्त्रात आणखी कुठं आली आहे ते सांगणारा. मी ती जागा उघडली.

तुम्हाला ही गोष्ट माहीत असेल, नसेल तर ऐका. प्रभू ख्रिस्त रानात उपाशी असतो. सैतान त्याची परीक्षा घ्यायला येतो. त्याला मंदिराच्या सर्वांत उंच टोकावर नेऊन उभं करतो आणि म्हणतो, मार उडी. आणि पुरावा म्हणून शास्त्र काढतो. हीच ओळ. दूत, तळहात, पाय, दगड. आईच्या ब्लाऊजमध्ये होती तीच, शब्दाला शब्द. प्रभू सांगतो की शास्त्रात असंही लिहिलं आहे, देवाची परीक्षा पाहू नकोस. आणि तो उडी मारत नाही.

मी हे आईला चुलीजवळ बसून वाचून दाखवलं. तिचे पिठाचे हात तसेच राहिले.

“सैतान म्हणला हे?”

“व्हय.”

“हेच वचन?”

“हेच.”

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग तिनं मला जे विचारलं त्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

“मंग शास्त्र खोटं का कागद खोटा?”

“आई, ओळ खरीच हाय. पण शास्त्रच सांगायलंय ना, की हीच खरी ओळ एकटी तोडून माणसाला वरून खाली पाडता येतं. त्यानं आपल्याला आधीच सावध करून ठेवलंय. आपण ते पान उघडलं न्हाई.”

तिला पटलं असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. “उद्या पास्टरला इचारते,” एवढंच म्हणाली.

रविवारी साक्षीची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते पुढं येऊन सांगायची, वेळ झाली. पास्टरांनी आईला पुढं बोलावलं. मी तिच्यासोबत गेले, शास्त्र हातात, बोट त्या पानात.

“बहीण, दुखतं का?” पास्टरांनी माईक तिच्यापुढं धरला.

“दुखत तर न्हाई...”

“हालेलुया!”

हॉलनं टाळ्या वाजवल्या. मी माईक धरला. धरला म्हणजे ओढलाच. म्हणाले, “पास्टर, हीच ओळ सैतानानं प्रभूला सांगितली होती. ते पान इथं आहे. सगळ्यांसमोर वाचा. माझं काही म्हणणं नाही, फक्त वाचा.”

“पोरी, शंका घेणं हे कुणाचं काम आहे, तुला माहीत आहे,” पास्टर शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज अशा वेळी फार गोड होतो.

“माहीत आहे. आणि वचन तोडून हातात देणं कुणाचं काम आहे, तेही इथं लिहिलंय.”

मागून एक म्हातारी ओरडली, “बस खाली! कालेजात काय जायलीस, देवाला शिकवायलीस!” कुणीतरी हसलं. बाबा पुरुषांच्या बाजूला मान खाली घालून बसले होते.

तेव्हा आई बोलली. माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

“वाचा की, पास्टर. पानच तर हाय. वाचायला काय व्हतंय?”

पास्टरांनी माझ्या हातातून शास्त्र घेतलं. क्षणभर वाटलं, वाचतील. त्यांनी पानात पाहिलं, ओठ हलले, आणि पुस्तक मिटलं. “वेळ झाली आहे,” ते म्हणाले. “प्रीतिभोजन थंड होतंय. यावर आपण घरी प्रार्थनेत बोलू.”

शांतपणे सगळं ऐकणारी माझी आई त्या दिवशी जेवली नाही. रिक्षात बसल्यावर एकदाच बोलली. “त्याला म्हाईत व्हतं की गं. पान बघून मिटलं त्यानं.” पुढं हळूच, “उद्या चल परभणीला.”

सोमवारी पहिल्या एसटीनं गेलो. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला आणि आमच्याकडे पाहिलंच नाही, सरळ नर्सला हाक मारली. दोन बोटं काढावी लागली. आणखी थांबला असतात तर गुडघ्याखालून विचार करावा लागला असता, असं ते नंतर म्हणाले.

काका वालूरहून भेटायला आले. आईच्या खाटेशेजारी स्टुलावर टेकले, पिशवीतून मोसंबी काढली.

“वैनी, देवदूत कुठं गेलते वो? बस चुकली का त्यायची?”

आई हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग माझ्याकडे वळून काका म्हणाले, “चेष्टा राहू दे. पण खरं सांग पोरी, तुमचं शास्त्र खोटं निघालं का न्हाई?”

हा प्रश्न मला कॉलेजातही भेटतो. तिथंही पत्रकं वाटतात, शास्त्र कसं भाकडकथांनी भरलं आहे हे सांगणारी, आणि त्यांच्यातही अर्ध्या अर्ध्या ओळी असतात, मागचंपुढचं कापून. मी ती भक्तिभावानं वाचते, कारण मी पत्रकांची पोर आहे, आणि दर वेळी मूळ पान काढून बघते. कात्री तीच असते, फक्त धरणारा हात दुसरा. शास्त्र हातानं उतरवत उतरवत आलं, त्यात कुठं काय बदललं, यावर विद्वानांनी खुशाल भांडावं. मी त्या भांडणाला भीत नाही. मला जे दिसलं ते मी काकांना सांगितलं. या पुस्तकात एक प्रेषित आपल्या आजारी सोबत्याला वाटेत सोडून पुढं जातो, त्याला बरं करता आलं असं तिथं लिहिलेलं नाही. तोच प्रेषित आपल्या तरुण मित्राला सांगतो, सारखा आजारी असतोस, पोटासाठी अमुक घे. चिठ्ठी काढ, असं सांगत नाही. प्रभूचे सगळ्यांत जवळचे लोक ऐन वेळी पळून जातात. बनावट लिहिणारा माणूस आपल्याच बाजूच्या लोकांची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडत नाही. आणि आपलीच सुंदर ओळ सैतानाच्या तोंडी घालून दाखवण्याची हिंमत तर मुळीच करत नाही.

काका मोसंबी सोलत राहिले. “मंग तुमच्या पास्टरनं वाचलं न्हाई का हे?”

“वाचलंय, काका. म्हणून तर मिटलं.”

“आमच्यात बी हेच हाय,” काका म्हणाले. “पोथी लाल फडक्यात, अन् बोलणारा बाहेर मोकळा.”

तेवढ्यात पास्टर आले. हातात केळी, मागं मंडळीतले दोघे. त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून लांब प्रार्थना केली. शेवटी डोळे उघडून म्हणाले, “बहीण, वचन खरं होतं. मध्येच घरात शंका शिरली आणि विश्वास डळमळला. प्रभू क्षमा करो.”

मी उठले. आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

“पास्टर,” ती म्हणाली, “लेकीनं ते पान वाचलंय मला. तीनदा वाचायला लावलं मी. त्या जाग्याला प्रभूनं उडी मारली न्हाई.” ती पांघरुणाखालच्या पायाकडे पाहत होती. “मी मारली. तुमी म्हणलात म्हणून मारली.”

पास्टर केळी ठेवून गेले. काकांनी सोललेलं मोसंब तिच्या हातावर ठेवलं. पुढं बराच वेळ त्यांनी एकही टोमणा मारला नाही.

ही गोष्ट इथं संपवली असती तर मला आवडलं असतं. पण गेल्या डिसेंबरात ताव परत आले. जाड, चकचकीत, नव्या वर्षाचे. मंडळीतला एक जण दुकानात टेबलावर ठेवून गेला. मी सुट्टीला घरी होते, काजं करत होते. बाबांनी दातेरी कात्री हातात घेतली, वरचा ताव उलटसुलट करून पाहिला. ती ओळ त्यात होती. या वर्षीही होती. त्यांनी कात्री खणात टाकली, ताव जसेच्या तसे गुंडाळून दोऱ्यानं बांधले, आणि संध्याकाळी स्वतः सायकलवर जाऊन पास्टरांच्या घरी देऊन आले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना प्रश्न विचारला नाही.

ताव परभणीला छापखान्यातच कापून घेतले म्हणे, मशीनवर, सरळ कडेचे. पहिल्या रविवारी पेटी फिरली. आईपाशी आली तेव्हा तिनं ती न उघडता पुढच्या बाईकडे दिली. त्या बाईलाही शुगर आहे. तिनं डोळे मिटून हात घातला.

म्हणून माझी विनंती. तुमच्या पाकिटात, आरशाच्या कोपऱ्यात, मोबाइलच्या कव्हरमध्ये अशी चिठ्ठी असेल तर ती आज बाहेर काढा. तिच्यावरचा पत्ता बघा, शास्त्र उघडा, आणि ती ओळ ज्या पानावर आहे ते सगळं पान घरातल्यांना ऐकू जाईल असं वाचा. तळाशी बारीक अक्षरात दुसरी जागा दिली असेल तर तीही काढा. मग तेच पान ज्यानं तुम्हाला चिठ्ठी दिली त्याच्यासमोर ठेवा आणि त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. त्यानं पुस्तक मिटलं, तर दवाखान्याची पट्टी सोडू नका.